निळ्या गुहेत काय होतं

"सून आहे ती माझी! सून!" दादा त्या नावाड्यावर ओरडले.

नावाड्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्याने एका हाताने माझं कोपर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तो दादांच्या दोन गुडघ्यांमधली जागा दाखवत होता. मी तिथे बसावं आणि दादांच्या छातीवर पाठ टेकून आडवं व्हावं, असं त्याचं म्हणणं होतं.

दादा म्हणजे माझे सासरे, वसंतराव रेगे. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते आधीच होडीत उतरून तळाच्या फळीवर पाय पसरून बसले होते, कारण आमच्या घरात कुठेही पहिलं पाऊल त्यांचंच पडायचं. मी, माझा नवरा मकरंद आणि सासूबाई अजून मोटरलाँचच्या काठाशी उभे होतो. लाँच हिंदकळत होती, होडी तिच्या अंगावर थपथप आपटत होती आणि आमच्या टूरमधली सगळी मंडळी उन्हाच्या टोप्या सावरत आमची गंमत बघत होती.

ही इटलीतल्या काप्री बेटावरची गोष्ट. तिथे उंच कड्याच्या पायथ्याशी समुद्रात एक गुहा आहे, तिला निळी गुहा म्हणतात. सूर्याचा उजेड म्हणे पाण्याखालून आत शिरतो आणि सगळी गुहा निळी होऊन जाते. तिचं तोंड मात्र इतकं ठेंगणं, की होडीत नुसतं बसून राहिलं तरी कपाळमोक्ष व्हायचा. म्हणून लाँच बाहेर थांबते, माणसं वल्ह्यांच्या छोट्या होड्यांत उतरतात, नावाडी दगडात ठोकलेली साखळी धरून होडी आत खेचतो आणि त्या वेळी होडीतल्या प्रत्येकाने मागच्याच्या अंगावर सपाट पडायचं. एका होडीत चौघं. आम्ही चौघं होतोच, शिवाय दादा सगळ्यांत पुढे जाऊन उभे राहिले होते, त्यामुळे पहिली होडी आमची.

"माझ्यापुढे मकरंद बसेल," दादांनी जाहीर केलं. "त्याच्यापुढे ही, हिच्यापुढे शर्वरी. सांग त्याला."

आमचा टूर मॅनेजर केदार नावाड्याशी थोडं इंग्रजीत आणि बरंचसं हातांनी बोलला. "काका, तो नाही म्हणतोय. दोन जड माणसं एका टोकाला बसली की होडी कलते. एक जड, एक हलकं, परत एक जड, एक हलकं, असंच बसायचं."

"मग काकूंनाच बसू द्या ना काकांपुढे," मागून आमच्या टूरमधल्या टिपणीसबाई म्हणाल्या. "नवराबायकोच तर आहेत!"

लाँचवर हशा पिकला. कोणीतरी शिट्टी मारली. केदारने लगेच मोबाइल वर धरला. "काकू, या! हनिमूनचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकू."

दादांचा चेहरा लालबुंद झाला. ते धडपडत उठले, मकरंदच्या हाताला धरून परत लाँचवर चढले आणि त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला. "चारचौघांत असले चाळे? या वयात? शोभतं का आपल्याला? नाही बघायची ती गुहा. पोस्टकार्डावर पाहिली तेवढी पुरे. आपल्यापैकी कोणी जाणार नाही."

आपल्यापैकी कोणी. या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कामगार न्यायालयात वकिली करते. "ही बाहेर पैसे घेऊन भांडते आणि घरात फुकट," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक ऐकवायचे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मलाही मान्य आहे. पण त्या दिवशीचा राग काही उगीच आलेला नव्हता.

या प्रवासाचं निमित्त दादांची पंचाहत्तरी होती. त्यांना स्वित्झर्लंड हवं होतं, बर्फात उभं राहून फोटो हवा होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, काय हवं ते कोणी विचारलं नाही. त्यांनीच एकदा पोळ्या लाटता लाटता मला हळूच म्हटलं, "ज्या टूरमध्ये ती काप्रीची गुहा असेल, ती बघ ना." दाताच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर त्यांनी तिचं चित्र पाहिलं होतं, आणि पुढे दात नीट झाले तरी त्या दोनदा उगाच तिथे जाऊन बसल्या होत्या. माझ्या लग्नापासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी डोळे फुटेपर्यंत टूर शोधल्या, दादांना स्वित्झर्लंडही मिळेल आणि काप्रीही होईल अशी एक काढली. आणि आता गुहा समोर होती, दगड भिरकावला तर आत जाईल इतकी जवळ, आणि हे म्हणत होते आपल्यापैकी कोणी जाणार नाही.

"दादा, तुम्ही नका येऊ," मी म्हटलं. "मी आईंना नेते. आम्ही दोघीच जातो."

"ती नाही जायची. पाण्याला घाबरते ती. आत्ताच सांगितलं ना मी टिपणीसबाईंना?"

सांगितलं होतं खरं. सकाळी लाँचमध्ये बसल्यावर आईंनी टिपणीसबाईंना म्हटलं होतं, "आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूलाही खडकात अशीच एक घळ आहे, लहानपणी आम्ही..." तेवढ्यात दादा मध्ये पडले. "थांब, थांब. तुला नीट सांगता येत नाही, मी सांगतो." आणि त्यांनी सांगितली. ही लहानपणी त्या घळीपाशी बुडत होती, भावाने केसाला धरून ओढली म्हणून वाचली, तेव्हापासून समुद्राची अशी धास्ती घेतली आहे की चौपाटीवरसुद्धा पाय भिजवत नाही. "आणि बघा, निघाली काप्रीला!" सगळे हसले. आईंनीही मान हलवली. दादा गोष्ट सांगायचे मात्र फर्मास. माझ्या लग्नापासून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की भाऊ कुठल्या बाजूने पाण्यात शिरला तेसुद्धा मला पाठ होतं.

"त्यांना विचारा तरी एकदा," मी म्हटलं.

"त्यात विचारायचं काय? मला माहीत नाही का ती?"

"शर्वरी, जाऊ दे ना," मकरंद माझ्या कानाशी पुटपुटला. "सगळे बघतायत."

"बघू देत! आई आयुष्यात एकदा काहीतरी बघायला आल्यात आणि तुझ्या वडिलांना लाज वाटते म्हणून त्यांनी दारातून परत फिरायचं? आणि तू इथे उभा राहून मला गप्प करतोयस? त्यांना सांग की काहीतरी! तुझी आई आहे ती!"

मकरंदने समुद्राकडे तोंड फिरवलं. त्याला असं तोंड फिरवताना मी पुढेही पुष्कळदा पाहिलं, पण त्या दिवशीइतकी त्याची चीड मला कधी आली नाही.

"सभ्यता नावाची काही गोष्ट आहे की नाही?" दादांचा आवाज चढला. "हे तुझं कोर्ट नाही."

"कोर्टात निदान दुसऱ्या बाजूला बोलू देतात!"

नावाडी खालून वल्हं आपटत ओरडायला लागला. केदार घाबराघुबरा झाला. "काका, काकू, वहिनी, प्लीज पटकन ठरवा. वारा वाढतोय. लाटा आल्या की गुहा बंद करतात, मग आपल्या ग्रुपमधल्या कोणालाच मिळणार नाही."

"मी जाते," आई म्हणाल्या.

आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तितका साधा. दादा म्हणाले, "काय?" पण तोवर त्या काठाशी पोचल्या होत्या. टूरसाठी म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा सलवार-कमीज घातला होता आणि खाली पांढरे बूट. ते बूट त्यांनी आमचं भांडण चालू असतानाच कधीतरी काढून हातात घेतले होते. नावाड्याने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. लाटेबरोबर होडी वर येईपर्यंत त्या थांबल्या, वर आल्याबरोबर तिच्या मधोमध पाय ठेवला आणि बसल्या. होडी हललीसुद्धा नाही. माझ्या वेळी मात्र ती अशी डचमळली, की मी किंचाळून नावाड्याच्या गळ्यात पडले आणि लाँचवरचे लोक पुन्हा हसले.

"सुमित्रा!" वरून दादांची हाक आली. आईंनी वर पाहिलं नाही.

मी जड, म्हणून मी मागे. आई माझ्यापुढे बसल्या आणि नावाड्याने सांगायच्या आतच मागे रेलल्या. त्यांचं डोकं माझ्या गळ्याखाली आलं. केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना नमस्कार करण्यापलीकडे कधी शिवले नव्हते. "घाबरू नका आई," मी म्हणत होते. "मी धरलंय तुम्हाला. मी आहे ना. मी नेते तुम्हाला." मला त्या वेळी असं वाटत होतं, की मोठा खटला जिंकला.

"डाऊन! डाऊन!" नावाडी ओरडला. त्याने साखळी पकडली, स्वतःही आमच्या अंगावर पडल्यासारखा आडवा झाला. एक लाट ओसरली, काळा ओला दगड माझ्या नाकासमोरून सरकत गेला आणि आम्ही आत गेलो.

आत काय होतं, आईंनी काय केलं, त्या काय बोलल्या, ते मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे कळेलच. एवढंच सांगते, की आम्ही बाहेर आलो तेव्हा आईंच्या उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत चिंब भिजलेली होती आणि त्या हात पुसत नव्हत्या.

बाहेर समुद्राचा नूर पालटला होता. गुहेचं तोंड एकेका लाटेने झाकलं जात होतं. आमच्या मागून निघालेल्या दुसऱ्या एका लाँचच्या होड्याही परत फिरल्या. आमच्या नावाड्याने केदारकडे बघून दोन्ही हात आडवे हलवले. बंद. संपलं.

आम्ही लाँचवर चढलो, तर तिथे वातावरण तापलेलं. "यांच्या मानपानापायी आमची गुहा गेली," एक गृहस्थ मोठ्याने म्हणत होते. "एवढ्या लांब आलो ते काय कडा बघायला?" टिपणीसबाईंनी दादांकडे पाठ फिरवली होती. बहुतेक सगळ्यांनीच फिरवली होती. दादा एकटे बाकावर बसून गुडघे चोळत होते. सगळ्यांनी मिळून त्यांना वाळीत टाकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दादांनी आम्हाला बघितलं. "काय मग? झालं समाधान?"

सगळी लाँच आईंकडे बघत होती. मी म्हटलं, आता बोला आई. आता एकदा तोंड भरून सांगा यांना.

"काही विशेष नाही हो," आई म्हणाल्या. "नुसता अंधार आहे आत."

"आई, काय बोलताय? आत तर..."

आईंनी बूट घातले होते. त्यातला एक त्यांनी माझ्या पावलावर ठेवला आणि असा दाबला, की माझा शब्द घशातच राहिला.

"बाही कशी भिजली?" दादांनी विचारलं.

"लाट आली."

दादांच्या अंगात प्राण परतला. "बघा!" ते उभेच राहिले. "मी आधीच म्हटलं होतं. ही पोस्टकार्डं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. पाण्याखालून उजेड म्हणे! मी पाण्यातच आयुष्य काढलंय, मला सांगतात!" लोकांनाही ते ऐकायचंच होतं. आपलं काही गेलं नाही असं कळलं की माणसं माफ करायला मोकळी होतात. बंदराला लागेपर्यंत मघाचे ते गृहस्थ दादांना खाकरा देत होते, आणि जेवणाच्या टेबलावर दादांनी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. नावाडी, सून, एक जड एक हलकं, आणि शेवटी, "आत काय? अंधार!" लोक पोट धरून हसले. टिपणीसबाईसुद्धा. आई पास्त्यातले मटार वेचून खात होत्या.

मला घास जाईना. यांच्यासाठी मी त्या माणसाशी सगळ्या जगासमोर भांडले. यांच्यासाठी माझ्या नवऱ्याशी मी दिवसभर बोलले नाही. आणि यांनी बाहेर येऊन एका वाक्यात नवऱ्याची लाज झाकली, त्यांनाच शहाणं ठरवलं. गुलामगिरी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

परतीच्या बोटीत दादा आणि मकरंद खाली काचेआड बसले. आई वरच्या डेकवर कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. बेट मागे पडत चाललं होतं आणि वारा असा होता, की ओरडूनच बोलावं लागत होतं. मला ते सोयीचंच होतं.

"का खोटं बोललात?"

आई मागे पडणाऱ्या बेटाकडे बघत राहिल्या.

"त्यांना वाचवायला ना? लोक त्यांना चार शब्द बोलले ते तुम्हाला सहन झालं नाही! आयुष्यभर तुमचं तोंड दाबलं त्यांनी, आज तुमच्या हातात होतं सगळं, आणि तुम्ही..."

"त्यांना वाचवायला?" आई वळल्या. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते काय आहे हे कळायला मला एक क्षण लागला. चेहरा पांढरा पडला होता. "त्यांच्यासाठी मी पुष्कळ केलंय, शर्वरी. आजचं खोटं माझ्यासाठी होतं."

"म्हणजे?"

"मी बुडाक नाय," आई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्न होऊन पुण्याला आल्यावर दादांनी त्यांना सांगितलं होतं, घरात शुद्ध बोलायचं, आणि तेव्हापासून त्या शुद्धच बोलत होत्या.

"मी बुडाक नाय. आबा बुडत होतो, माझो धाकटो भाव. मी तेका केसांक धरून भायर काढलंय. मी!" त्यांनी छातीवर हात आपटला. मग श्वास घेतला आणि पुन्हा आमच्या घरातल्या भाषेत आल्या. "लग्न झाल्यावर मीच ह्यांना कौतुकाने सांगितलं. ह्यांनी ते एकदा चारचौघांत सांगितलं, तेव्हा उलटं सांगितलं. मी म्हटलं, अहो, तसं नाही. तर म्हणाले, अगं, असंच बरं वाटतं ऐकायला. बायको वाचली, असं. मग परत तसंच. परत तसंच. आबा गेला, आता मी खरं म्हणून सांगायला गेले तर कोण ऐकणार? तूसुद्धा तेच ऐकलंयस. मी पाण्याला घाबरते हे तुला कोणी सांगितलं? मला विचारलंस कधी?"

मी त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे बघत होते.

"मकरंदच्या वेळचं माझं बाळंतपण. ते कोण सांगतं? कळा कधी सुरू झाल्या, डॉक्टरीण काय म्हणाली, मी कशी रडले. हे तेव्हा धरणावर होते कामाला, चार दिवसांनी आले! आणि आता माझ्यासमोर बसून मलाच सांगतात. जे जे मी ह्यांना सांगितलं ते ह्यांचं झालं. माझ्यापाशी काय राहिलंय? नाव तरी माझं कुठे आहे, तेही ह्यांनीच बदललं." त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "आज मी बाहेर येऊन सांगितलं असतं ना, निळं होतं, असं होतं, तसं होतं, तर रात्रीच्या जेवणापर्यंत ते ह्यांनीच बघितलेलं असतं. पुण्याला गेल्यावर आल्यागेल्याला ह्यांनी सांगितलं असतं, उजेड कसा येतो, पाणी कसं दिसतं. आत न जाता! आणि मी शेजारी बसून मान हलवली असती. नाही द्यायचं मला. एवढं एक मी ह्यांना नाही देणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी सांगेन, आई. मी सगळ्यांना सांगेन तुम्ही कशा..."

"तू तर मुळीच सांगू नकोस."

"मी?"

"तू काय म्हणत होतीस होडीत? मी नेते, मी धरलंय, घाबरू नका. घरी गेलीस की मैत्रिणींना सांगशील, सासऱ्यांशी भांडून मी सासूबाईंना गुहेत नेलं. छान सांगशील, वकील आहेस. सगळ्या टाळ्या वाजवतील. ती तुझी गोष्ट होईल आणि मी त्यात आपली मागे रेलून बसलेली असेन." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मला कोणी नेलं नाही, शर्वरी. मी गेले."

मला काय वाटायला हवं होतं ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त राग आला. यांच्यासाठी मी जिवाचं रान केलं आणि या मला त्यांच्या नवऱ्याच्या पंक्तीला बसवतात! मी तरातरा खाली गेले आणि टूर संपेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आईंनीही माझी समजूत काढली नाही. समजूत काढण्यातच त्यांचा जन्म गेला होता, बहुतेक त्यांना आता पुरे झालं होतं.

पण मी कोणाला सांगितलं नाही. मकरंदलाही नाही. त्याने विचारलं, तेव्हा म्हटलं, आईला विचार. त्याने आईला काही विचारलं नाही.

दादांनी मात्र काप्री गाजवली. लग्नकार्यात, बारशाला, सोसायटीच्या गच्चीवर. नावाड्याचं ओरडणं ते अगदी हुबेहूब करायचे. "आणि आत काय? अंधार!" दर वेळी हशा. सुरुवातीला माझं रक्त उकळायचं. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की दादांनी दुसरी कुठलीही गोष्ट सुरू केली की आई उठून चहाचे कप गोळा करायला लागतात, आणि ही सुरू झाली की हातातलं काम ठेवून येऊन बसतात. मन लावून ऐकायच्या. एकही शब्द दुरुस्त करायच्या नाहीत. मला वाटतं, इतका राग मी माझ्या उभ्या आयुष्यात कोणावर केला नाही, जितका त्या बाईने तिथे हातावर हात ठेवून बसून केला.

आई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हाची गोष्ट. दिवस अजून व्हायचे होते, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. एका दुपारी मधेच घर रिकामं होतं, आणि दादांनी मला हाक मारली.

"बस जरा." ते एकदम म्हातारे दिसत होते. याआधी त्यांनी मला कधी हाक मारून समोर बसवल्याचं मला तरी आठवत नव्हतं. "काल टीव्हीवर ती गुहा दाखवली. काप्रीची. नावाड्याचं ते ओरडणं ऐकून मी बाहेर आलो. शर्वरी, ते निळं होतं गं सगळं. पाणी, छत, माणसांचे हात, सगळं."

मी जागेवर सरळ होऊन बसले.

"ती मला अंधार का म्हणाली मग?"

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली, नाही असं नाही. माझ्या जिभेवर सगळं येऊन थांबलं होतं. शोकात बुडालेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या बायकोचा एक सुखाचा क्षण द्यायचा, त्यात कोणाचं काय जाणार होतं?

"तू होतीस तिच्याबरोबर," दादा पुढे सरकले. "काय झालं आत? काय म्हणाली ती? सांग ना मला नीट. एवढे लोक येतायत, सगळे तिच्याबद्दल विचारतात. मला त्यांना सांगता येईल."

माझी दया तिथेच संपली.

"अंधारच होता, दादा," मी म्हटलं.

"पण टीव्हीवर..."

"टीव्हीवर काहीही दाखवतात."

दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं मी खोटं बोलते आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मला वाटलं, आता नेहमीसारखे म्हणतील, थांब, तुला नीट सांगता येत नाही. त्यांचं तोंड उघडलंही. पण पुढे घालायला त्यांच्यापाशी एक शब्द नव्हता, आणि ते तसेच उघड्या तोंडाने बसून राहिले.

दारात कोणीतरी चपला काढत होतं. मी उठून दार उघडायला गेले.